रविवारचं टेबल: आपल्या चाळीत नोकरीची मदत कशी सुरू करावी

मुंबईत परळला आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला एक टेबल लागतं आणि दुपारी एकला उचललं जातं. टेबलावर फुलस्केप वही, दोन पेनं, स्टेपलर आणि कोर्ट फी स्टँपचं पाकीट. मागच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, ‘नोकरीसाठी मदत. पैसे लागत नाहीत.’ ऑक्टोबर २०२१ मध्ये हे सुरू केलं. लॉकडाऊननंतर आमच्या एका मजल्यावर एकोणीस ते सव्वीस वयाची सात मुलं घरी बसून होती. आता शिवडी, करी रोड, नायगावहून लोक येतात आणि विचारतात, ‘काकी, आमच्याकडे हे कसं करायचं?’ म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

मी ३६ वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या आस्थापना विभागात कारकून होते. अर्जांची पाकिटं मी फोडायचे, नेमणूकपत्रं मी टाइप करायचे, पगारपत्रक मी तपासायचे. चांगल्या मुलांचे अर्ज बाजूला पडताना मी वर्षानुवर्षं पाहिले. बहुतेकदा कारण अगदी साधं असायचं. तीन कागदांवर नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं, दिलेला फोन बंद, ट्रेड, म्हणजे आयटीआयत शिकलेलं काम, कुठला ते दुसऱ्या पानाच्या तळाशी. कोणीतरी त्या मुलाशेजारी बसून अर्ज आधी वाचला असता, तर तो टिकला असता. हे काम शेजाऱ्यांचं आहे असं मी मानते. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण प्रत्येक दार वाजवतो. त्याच दारामागे दोन वर्षं घरी बसलेला मुलगा असतो, त्याची चौकशी करणं हेही मंडळाचं काम आहे.

माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. त्या दिवसांत आमच्या चाळीत कोणाकडे चूल पेटली नाही हे शेजारणीला कळायचं आणि ती वाटी घेऊन जायची. हे टेबल मी त्या वाटीसारखंच समजते.

जागा आणि माणसं

मंडळाची खोली नसेल तर व्यायामशाळा, सोसायटीचं ऑफिस, बुद्धविहार, वाचनालय, काहीही चालेल. दार रस्त्याकडे उघडणारं हवं, आणि ते उघडंच ठेवायचं. टेबलावर एक तरी बाई असली की मुली येतात. आमच्याकडे पहिले दोन महिने एकही मुलगी आली नाही. मी खुर्ची दाराजवळ सरकवली आणि माझ्या शेजारी कॉलेजातल्या एका मुलीला बसवलं, त्यानंतर त्या यायला लागल्या.

तीन माणसं पुरतात. एक ऑफिसचं काम कळणारं, एक हाताचं काम कळणारं (आमच्याकडे निवृत्त फिटर आहेत, मुलाला खरंच काम येतं की नाही हे त्यांना पाच मिनिटांत कळतं) आणि एक तरुण, जो मोबाइलवर फॉर्म भरू शकतो. एकही रविवार चुकवायचा नाही, गणपतीतलासुद्धा. कोणी आलं नाही तरी एकपर्यंत बसायचं. जो मुलगा तीन आठवडे नुसता समोरून ये-जा करत अंदाज घेत असतो, तो चौथ्या आठवड्यात आत येतो.

टेबलावर कुठल्याही पक्षाचं नाव, झेंडा किंवा शुभेच्छांचा फ्लेक्स लावू देऊ नका. आम्हाला लॅपटॉप द्यायला एक जण तयार होता, त्यावर फोटो चिकटवण्याच्या अटीवर. आम्ही नको म्हटलं. फोटो लागला असता तर चाळीतल्या अर्ध्या घरांनी टेबलाकडे पाठ फिरवली असती.

वही

वहीत नाव, खोली नंबर, शिक्षण, स्वतःचा फोन आणि घरातला दुसरा एक फोन लिहा. दुसरा फोन फार महत्त्वाचा. रिचार्ज संपलेला मुलगा मुलाखतीचा फोन गमावतो, आणि तो फोन पुन्हा येत नाही.

‘तुला काय व्हायचंय?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. घरी बसून बसून खचलेल्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं, आणि ते नाही म्हणून तो आणखी खचतो. मी विचारते, ‘मागच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार काय काय केलंस?’ एका मुलानं सांगितलं, काहीच नाही. मग एकेक वार घेतला. बुधवारी आणि शुक्रवारी तो मामाच्या केटरिंगबरोबर गेला होता. तिथं काय करतोस? वाढप्यांना कामं वाटून देतो. किती वाढपी? आठ. भांडी कोण मोजतं? मीच. किती वर्षं? दोन. हा मुलगा स्वतःला बेकार म्हणत होता. आम्ही अर्जात लिहिलं, ‘दोन वर्षं केटरिंगमध्ये आठ जणांच्या पथकाचं काम आणि भांड्यांचा हिशेब सांभाळला.’ आज तो एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात स्टोअरकीपर आहे.

वही कपाटात कुलपात ठेवायची. आधारची झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची नाही, पासवर्ड आपल्या वहीत लिहायचा नाही, ओटीपी मुलानं स्वतःच्या हातानं टाकायचा. लोक विश्वासानं कागद देतात, तो विश्वास एकदा तुटला की टेबल बंद करावं लागेल.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि तो जाऊ द्या. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक, हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर वाचायची. मुलालाच मोठ्यानं वाचायला लावा. फरक सापडला की कुठला कागद बरोबर धरायचा ते आधी ठरवा. आम्ही दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानतो आणि बाकी कागद तिच्याशी जुळवतो.

आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे घाईघाईनं केंद्रावर जाऊन काहीतरी करून येऊ नका. फरक मोठा असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो आणि मग ते राजपत्र जोडून बाकीचे कागद दुरुस्त होतात. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का हेही त्याच दिवशी बघा. अर्ध्या ऑनलाइन अर्जांना तिथंच खीळ बसते.

आता जातीच्या दाखल्याबद्दल. परळ, लालबागची बरीच कुटुंबं मूळची कोकणातली, घाटावरची. दाखल्यासाठी वडील किंवा आजोबा ठरावीक तारखेला कुठं राहत होते याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. हा पुरावा मुंबईत नसतो. तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये असतो, आजोबांच्या शाळेच्या नोंदीत, नाहीतर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत. आजोबा त्या तारखेला गावी राहत असतील तर दाखलाही बहुतेकदा त्याच तालुक्याकडून काढावा लागतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी मे महिन्यात गावी जाणाऱ्या सगळ्यांची यादी करते आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देते : कुठल्या शाळेत जायचं, कोणाच्या नावाचा उतारा मागायचा, सही-शिक्का कुठं बघून घ्यायचा. दहा दिवसांच्या सुट्टीतला एक दिवस त्यात जातो. हे मे महिन्यात केलं नाही, तर भरतीची जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत होत नाही.

कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज केला की क्रमांक मिळतो, तो वहीत लिहा. मुलांना मी सांगते, काउंटरवर आवाज चढवू नका, क्रमांक आणि तारीख शांतपणे पुढे ठेवा. समोरचा कारकून मीही होते. ज्याच्या हातात क्रमांक असायचा त्याचं काम मला आधी काढावं लागायचं.

अर्ज

एक पान. वरच्या चार ओळींत नाव, फोन, जवळचं स्टेशन आणि ट्रेड किंवा शिक्षण. मुंबईत स्टेशन लिहायलाच हवं. सकाळी सातच्या पाळीला हा मुलगा वेळेवर पोचेल का, हे कारखान्याचं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी बघणारं ऑफिस, पहिल्यांदा बघतं. परळच्या मुलाला मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी चालत्या अंतरावर आहेत, हे त्याचं बळ आहे. ते अर्जात दिसू द्या.

त्याखाली केलेलं काम, आकड्यांसह. ‘मेहनती, प्रामाणिक’ हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, ते वाचून मी कधी कोणाला बोलावल्याचं मला आठवत नाही. अनोळखी नंबर उचलायचा, स्वतःचं नाव सांगायचं, पत्ता लिहून घ्यायचा, याचा सराव आम्ही टेबलावरच करून घेतो. मी बाहेर गॅलरीत जाऊन फोन लावते आणि तो आत बसून उचलतो. पहिल्यांदा सगळेच अडखळतात.

मागच्या गेटवर जाणं

पोर्टलवर नोंदणी करून टाका. राज्याचं महास्वयम आहे, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे. दोन्हींना मिळून एक तास लागतो, मग त्यांची वाट बघत बसू नका.

आम्ही पायी फिरतो. महिन्यातून एकदा, मंगळवार ते गुरुवारमधल्या एखाद्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, मुलांची जोडी करून. सोमवारी आणि शनिवारी कोणाला बोलायला सवड नसते. लोअर परळला जिथं गिरण्या होत्या तिथं आता मॉल आणि ऑफिसं आहेत, फिनिक्स मिलच्या जागी, कमला मिलच्या आवारात. पुढच्या काचेच्या दारातून आमची मुलं आत जायला बिचकतात. तिथं जायचंही नाही. मागच्या बाजूला जिथं मालाचे टेम्पो लागतात तिथं एक गेट असतं, आणि आत तळघरात इमारत चालवणाऱ्या माणसांचं ऑफिस. एसीचे चिलर, जनरेटर, पंप, लिफ्ट, सांडपाण्याचा प्लांट, सगळं तिथून चालतं. तिथं तीन पाळ्यांत शिफ्ट इलेक्ट्रिशियन, एसी टेक्निशियन, पंप ऑपरेटर, प्लंबर लागतात. सुरक्षारक्षकाला नमस्कार करून एवढंच विचारायचं, ‘दादा, इथलं मेंटेनन्सचं कंत्राट कोणाकडे आहे?’ कंपनीचं नाव कळलं की ते वहीत टिपायचं आणि अर्ज तिथं द्यायचा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन असेल आणि वायरमनचा परवाना काढलेला असेल, तर तो कागद सगळ्यात वर लावा.

माझे वडील उमेदवारीत बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, आज कोणी गैरहजर आहे का बघायचं, नसेल तर घरी परतायचं. त्याच रस्त्यावरून ही मुलं वही घेऊन चालतात, तेव्हा मला भरून येतं. पण ही मुलं हात जोडून उभी राहत नाहीत, प्रश्न विचारून माहिती घेऊन येतात.

शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोडच्या गोदामांत मालाची नोंद ठेवणारे, फोर्कलिफ्ट चालवणारे लागतात. तिथं मुलांना संध्याकाळनंतर एकटं पाठवू नका.

अप्रेंटिसशिप

मुलं आणि त्यांचे आईवडील याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि मी सगळ्यात जास्त आग्रह याचाच धरते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं, ते दहावी पास मुलाला महिना ६,००० रुपये, आयटीआय झालेल्याला ७,०००, पदवीधराला ९,०००. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते आणि करारही तिथंच होतो. करार झाला नसेल तर तो मुलगा अप्रेंटिस नाही, स्वस्तात राबणारा मजूर आहे, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

मुंबईत यासाठी मोठी ठिकाणं आहेत. मध्य रेल्वेचे परळ आणि माटुंग्याचे वर्कशॉप, पश्चिम रेल्वेचे लोअर परळ आणि महालक्ष्मीचे, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड. रेल्वेत अप्रेंटिसची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी लेखी परीक्षा नसते. म्हणून आयटीआयला पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना मी आत्ताच सांगून ठेवते, हे गुण पुढे मोजले जाणार आहेत.

अप्रेंटिसशिप संपली की नोकरी मिळेलच, असं कोणालाही सांगू नका. २० मार्च २०१८ ला रेल्वेतल्या अप्रेंटिस मुलांनी माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसून गाड्या अडवल्या होत्या. नोकरीची आशा धरून वर्ष काढलेली मुलं होती ती. रेल्वेच्या सगळ्यात खालच्या स्तरावरच्या भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठीही परीक्षा द्यावी लागते. मी मुलांना सांगते, एक वर्ष शिकायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत खाजगीत अर्ज सुरू करायचे.

पैसे मागितले की थांबायचं

चाळीतल्या एका मुलाला ‘रेल्वेत टीसी लावतो’ म्हणून एका माणसानं तीन लाख मागितले. आईनं मंगळसूत्र आणि बांगड्या गहाण टाकल्या. पत्र आलं, त्यावर शिक्का होता, सही होती. ते पत्र माझ्याकडे पैसे दिल्यानंतर आठ दिवसांनी आलं. त्यात ‘विशेष कोटा’ असा शब्द होता आणि कुठल्या जाहिरातीचा क्रमांकच नव्हता. रेल्वेची भरती रेल्वे भरती मंडळ आणि रेल्वे भरती कक्ष यांच्या जाहिरातीतून होते, घरी येणाऱ्या माणसाकडून होत नाही. त्या बाईला हे आठ दिवस आधी कोणी सांगितलं असतं, तर तिचे दागिने वाचले असते. फळ्यावरची दुसरी ओळ त्या दिवशी लिहिली, ‘नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर आधी इथं या.’

डिपॉझिट, गणवेशाचे पैसे, मेडिकलचे पैसे, लॅपटॉपचं कुरिअर, सगळ्याला उत्तर एकच : नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवायची आणि परत घ्यायची.

परदेशी नोकरीचं आमिष फार वाढलं आहे. कंबोडिया, म्यानमारला डेटा एंट्रीच्या नावाखाली नेऊन आपल्या मुलांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. परदेशी नोकरी देणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला हवा. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि परवाना क्रमांक शोधता येतो. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं बदलून देतो’ असं म्हणणाऱ्याला घरात बसवूसुद्धा नका.

पहिला पगार

नोकरी लागली की पेढे घेऊन मुलगा येतो. त्याला म्हणते, पेढे ठेव आणि महिन्यानं पगारपावती घेऊन ये. नेमणूकपत्र मिळालं का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक केलं आहे. पीएफ कापला असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, मिळाला का आणि पासबुकात रक्कम दिसते का? बारा हजार मूळ पगार असेल तर १,४४० रुपये त्याचे कापले जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. मुलाचे कापले जातात पाऊण टक्का, आणि घरच्यांच्या औषधपाण्याची सोय होते. पगारातून कापून खात्यात न भरणारे कंत्राटदार असतात. ते तिसऱ्या महिन्यातच लक्षात यायला हवं, तिसऱ्या वर्षी लक्षात येऊन उपयोग नाही.

चार रविवार

ज्याला टेबलावरून नोकरी लागली त्यानं चार रविवार टेबलावर बसायचं, असा आमचा नियम आहे. पैसे घेत नाही, हे घेतो. हा नियम पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे मुलगा मान खाली घालून मदत घेत नाही, पुढे आपणही देणार आहोत हे त्याला ठाऊक असतं. या चार रविवारांत तो दुसऱ्याचे कागद वाचतो आणि चाळीचं एक काम अंगावर घेतो.

पहिलं काम बहुधा मतदार नोंदणीचं. अठरा वर्षं आता वर्षातल्या चार तारखांना मोजतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नमुना ६ भरायचा. प्रत्येक मजल्यावर कोण अठराचं झालं, याची यादी तो करतो. दुसरं काम महापालिकेच्या तक्रारींचं. तुंबलेलं गटार, बंद दिवा, १९१६ ला फोन, तक्रार क्रमांक, तारीख, आठवड्यानं पुन्हा विचारणा.

तिसरं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्तराला तीस दिवस. आमच्या मुली विचारतात, ‘आपल्या विभागात अमुक संवर्गाची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, आणि रिक्त पदं केव्हापासून रिक्त आहेत?’ उत्तर फळ्याशेजारी चिकटवतो. जागा नाहीत म्हणून सगळे म्हणतात. मंजूर असून रिकामी राहिलेली जागा कागदावर दिसली की मुलं पुढचा प्रश्न विचारायला शिकतात, आणि आलेल्या लोकप्रतिनिधीला तो तोंडावर विचारतात.

मग पोलीस भरती. २०२४ मध्ये राज्यात १७ हजारांच्या आसपास पदांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले आणि जूनमध्ये मैदानी चाचणी सुरू झाली. त्या चाचणीसाठी गावाकडून आलेली मुलं भर पावसात फुटपाथवर, पुलाखाली झोपत होती. आमच्याच मुलांनी मंडळाची खोली उघडली. तुम्हाला करायचं असेल तर एवढं लागतं : सतरंज्या, मोबाइल चार्जिंगचे दोन बोर्ड, पिशव्यांना टोकन, चेस्ट नंबर लावायला सेफ्टी पिना, पहाटे चारला चहा आणि केळी. मुलग्यांना १,६०० मीटर धावायचं असतं आणि मुलींना ८००, रिकाम्या पोटी त्यांना पाठवू नका. मुलींसाठी आम्ही चाळीत दोन घरं ठरवली होती. त्या रात्रींची नोंद, टोकन आणि खर्चाचा हिशेब बारावी झालेल्या एका मुलीनं सांभाळला. पुढच्या महिन्यात तिच्या अर्जात आम्ही ते काम लिहिलं. मुलाखतीत तिला फक्त त्याबद्दलच विचारलं, आणि एका गोदामात नोंदणीच्या टेबलावर ती कामाला लागली.

राहिली गोष्ट चावीची. खोलीची आणि कपाटाची चावी तीन वर्षं माझ्याकडेच होती. मी आजारी पडले तेव्हा दोन रविवार दार बंद राहिलं. आता एक चावी त्या मुलीकडे आणि एक फिटर काकांकडे असते. तुम्ही पहिल्याच महिन्यात दुसरी चावी बनवून घ्या. त्या दोन रविवारी कोण येऊन परत गेलं, ते आमच्या वहीत नाही.